फायरचा कोर्स करायचाय? आधी जाहिरात वाचा

दरसाल बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात माझा फोन वाजू लागतो. "दादा, फायरचा कोर्स कोठी करू?" मी उलटं विचारतो, "नोकरी कोठी पायजे?" पलीकडे शांतता. पोराला कोर्सचं नाव माहीत असतं, फी माहीत असते, बॅनरवरचा लाल हेल्मेटवाला फोटोही पाठ असतो. तो कोर्स कोणत्या भरतीत चालतो, हे विचारायचं मात्र राहून गेलेलं असतं.

माझंही तसंच झालं होतं. बाबांनी तूर विकून दिलेले पैसे मी तालुक्याच्या गावातल्या एका खासगी संस्थेत 'फायर अँड सेफ्टी'च्या डिप्लोम्याला भरले. वर्ष संपलं, चकचकीत प्रमाणपत्र हातात आलं. पुढं भरती निघाली, धावण्यात पास झालो आणि कागदपत्रांच्या टेबलावर अडकलो. तिथल्या मॅडमनी प्रमाणपत्र उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नाही चालत. राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचं पाहिजे." दोन वर्षं गेली. आज मी एका नगर परिषदेच्या बंबावर आहे, पण ती दोन वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

एक आधीच सांगतो. गावात कुणी "काऊन रे, अग्निवीर झाला काय?" असं विचारलं तर चिडू नका. अग्निवीर फौजेत असतो, अग्निशामक बंबावर. माझ्या आत्याला हा फरक अजून कळलेला नाही.

पहिली पायरी: कोणत्या दारातून जायचं?

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एकच माणूस आगही विझवतो आणि रुग्णालाही सांभाळतो. आपल्याकडे ही दोन दारं वेगळी आहेत. अग्निशमन हे महापालिका, नगर परिषद, एमआयडीसी किंवा कारखान्याचं काम. रुग्णवाहिका आरोग्य खात्याकडे. दोन्हीची भरती वेगळी, शिक्षण वेगळं. त्यामुळे दोन्ही एकाच कोर्समध्ये मिळवून देतो म्हणणाऱ्याला जरा जपूनच भेटा.

अग्निशमनाच्या दारातही आत वेगवेगळ्या खोल्या आहेत. महापालिकेपासून सुरू करू. नागपूर महापालिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये अग्निशमन विभागाच्या ३५० जागा काढल्या, त्यातल्या २९७ अग्निशामक विमोचकाच्या, म्हणजे बंबावरच्या फायरमनच्या होत्या. अट होती दहावी आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबई महापालिकेनं ९१० जागांची भरती केली. तिथं आधी कोणताही फायर कोर्स लागत नव्हता, बारावीला ५० टक्के पुरे होते, शिकवायचं काम महापालिकाच करणार होती आणि वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये होती. पण पुरुषांना उंची १७२ सेंटिमीटर आणि महिलांना १६२. म्हणजे १६८ सेंटिमीटरच्या पोरानं मुंबईच्या भरवशावर बसून राहण्यात अर्थ नाही आणि १७४ च्या पोरानं मुंबईसाठी कोर्सवर आधी पैसे घालवायची गरज नव्हती. काम एकच, अटी किती वेगळ्या, हे यावरून बघा.

नगर परिषदांचं गणित निराळं. अधिकाऱ्याचं पद राज्यस्तरीय सेवेत येतं. २०२३ मध्ये नगर परिषद प्रशासन संचालनालयानं १,७८२ जागा काढल्या, त्यात अग्निशमन सेवेच्या जागा होत्या. बंबावरची खालची माणसं मात्र लहान गावांत बरीचशी कंत्राटी असतात. पगार कमी, तोही कधी उशिरा. तरी मी म्हणतो, वर्ष-दोन वर्षं कंत्राटी काम मिळालं तर घ्या. पंप चालवायचा हात बसतो आणि पुढच्या भरतीत तो दिसतो.

विदर्भाच्या पोरांनी सहसा न पाहिलेलं दार म्हणजे संरक्षण खातं. भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती, नागपूरची अंबाझरी इथे आयुध निर्माणी आहेत आणि पुलगावला मध्यवर्ती दारूगोळा भांडार. अशा ठिकाणांना स्वतःचं अग्निशमन दल लागतं. हे काम साधं नाही. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री पुलगावच्या भांडारात आग लागली, तेव्हा गेलेल्यांमध्ये आग विझवायला धावलेले कर्मचारीच जास्त होते. घरच्यांना हे लपवू नका, सांगून मग अर्ज भरा.

राहिले खासगी कारखाने, मॉल, दवाखाने. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. या एजन्सींना यंत्रणा बसवणारी, तपासणारी पोरं लागतात. माझा तो खासगी डिप्लोमा इथं चालला असता. म्हणजे तो अगदीच वाया जाणारा कागद नाही, फक्त तो सरकारी बंबावर चढवत नाही.

दुसरी पायरी: पैसे भरण्याआधी अंग मोजा

हे फुकटात होतं, म्हणून बहुधा कुणी करत नाही. जिल्हा रुग्णालयात जाऊन डोळे तपासा, रंगांधळेपणाची चाचणी मागून घ्या. लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे दिसत नसतील तर हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. तळपाय सपाट आहेत का, सरळ उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात का, तेही बघून घ्या.

राज्याच्या अग्निशामक कोर्सला दहावीत ५० टक्के, वय १८ ते २३, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ८६ सेंटिमीटर अशा अटी असतात. मागासवर्गीयांना टक्के आणि वयात सूट मिळते. वयाकडे नीट लक्ष द्या. 'आधी बी.ए. करतो, मग बघतो' म्हणत पोरं तेविशी ओलांडतात आणि मग वय निघून गेलं म्हणून रडतात. पदवी झालीच असेल तर उपस्थानक अधिकारी कोर्सकडे वळा, तिथं वय २५ पर्यंत चालतं.

संरक्षण खात्याच्या फायरमनची शारीरिक चाचणी मला फार आवडते, कारण ती घरच्या घरी करून बघता येते. ६३.५ किलोचा माणूस खांद्यावर घेऊन १८३ मीटर अंतर ९६ सेकंदांत पार करायचं. २.७ मीटर रुंद खड्डा उडी मारून दोन्ही पायांवर उतरत ओलांडायचा. ३ मीटर उभा दोर हातापायांनी चढायचा. उंची १६५ सेंटिमीटर, अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना त्यात २.५ सेंटिमीटरची सूट. मेळघाट, झरी-जामणी, गडचिरोलीकडच्या पोरांनी ही ओळ दोनदा वाचावी.

सराव असा करा. युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं, सिमेंटचं ५० चं. महिनाभर पोत्यावर पाठ तयार करा, मग मित्र उचला. पोतं गुमान खांद्यावर बसतं. माणूस डुलतो, हात सोडतो, हसतो. खरी तयारी माणसावरच होते. दोर बांधायला कडुनिंबाची आडवी फांदी पुरते, मात्र खाली कुटार किंवा तणस पसरून ठेवा. आणि धावायला पहाटे पाचला निघा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारी बारा वाजता डांबरी रस्त्यावर धावून ताकद वाढत नाही, उष्माघात होतो.

पोहायला शिका. विहिरीत, पण पाठीला डबा किंवा कमरेला दोर बांधून आणि काठावर जाणता माणूस उभा करून.

तिसरी पायरी: प्रशिक्षण कुठं

महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत, सांताक्रूझ पूर्वेला विद्यानगरीत आहे. अग्निशामक कोर्स सहा महिन्यांचा, उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी कोर्स एक वर्षाचा. प्रवेशाची जाहिरात संचालनालयाच्या संकेतस्थळावर येते आणि अर्जाची मुदत लहान असते. पेपरात येईल म्हणून वाट पाहू नका. दर आठवड्याला एकदा मोबाइलवर स्वतः उघडून बघायची सवय लावा. एजंटची यात काहीच गरज नाही. 'सीट पक्की करून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

आपल्या नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. ते केंद्रीय गृह मंत्रालयाचं आहे आणि तिथं उपअधिकाऱ्यापासून वरचे कोर्स आणि फायर इंजिनिअरिंगचं शिक्षण चालतं. नागपूरचं नाव ऐकून पोरं तिथं दहावीवर फायरमनचा कोर्स विचारायला जातात आणि गेटवरून परत येतात. दहावीवाल्यांसाठी ती जागा नाही. बारावीला गणित-विज्ञान चांगलं असेल तर मात्र तिकडं नक्की बघा. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये या महाविद्यालयात प्रवेश घेतला. तोवर तिथं एकही मुलगी शिकली नव्हती. देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून त्यांची ओळख आहे, पुढं त्या ओएनजीसी या तेल कंपनीत गेल्या. 'पोरीले हे काम जमते काय' असं कुणी म्हटलं तर एवढं सांगा.

ज्यांना लगेच मुंबई शक्य नाही त्यांनी आयटीआयचा 'फायर टेक्नॉलॉजी अँड इंडस्ट्रियल सेफ्टी मॅनेजमेंट' हा एक वर्षाचा ट्रेड बघावा. कारखान्यांत तो चालतो. पण पुन्हा तेच: ज्या भरतीवर डोळा आहे तिची मागची जाहिरात काढा, शैक्षणिक पात्रतेचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा आणि संस्थेत जाऊन विचारा, "या ओळीत बसणारं प्रमाणपत्र तुम्ही देता का?" उत्तर लेखी मागा. चेहरा बघून उत्तर आपोआप कळतं.

चौथी पायरी: तिथं काय शिकवतात, आणि आपल्याकडे ते कुठं लागतं

पहिले काही आठवडे पोरं वैतागतात. नुसती परेड, नुसते होज, म्हणजे पाण्याचे पाइप, अंथरायचे आणि गुंडाळायचे. एक डिलिव्हरी होज साधारण १५ मीटरचा. तो एका फेकीत सरळ उलगडला पाहिजे, पीळ पडला की पाणी अडतं. दोन होज जोडणारं मेल-फीमेल कपलिंग अंधारात, ओल्या हातानं, खटकन बसलं पाहिजे. मग शिडी, पंप ड्रिल, गाठी. बोलाइन आणि चेअर नॉट डोळे मिटून येईपर्यंत सोडत नाहीत. याचा राग पहिल्या रात्रीच्या कॉलवर निवळतो.

आगीचे वर्ग शिकवतात: ए म्हणजे लाकूड, कापूस, कागद, बी म्हणजे पेट्रोल-डिझेल, सी म्हणजे गॅस, डी म्हणजे धातू. पुस्तकातलं हे वाचताना गाव डोळ्यापुढे आणा. ए वर्ग म्हणजे आपली जिनिंग. कापसाचा ढीग वरून विझलेला दिसतो, आत धुमसत राहतो. जोरात सरळ धार मारली तर पेटलेली बोंडं उडून शेजारच्या ढिगावर पडतात. म्हणून पाणी फवाऱ्यानं, आणि ढीग उकरत, पलटवत, तासन्‌तास. कापसाच्या बांधलेल्या गाठी असल्या तर दुसऱ्या दिवशीही गाडी पाठवावी लागते. सोयाबीनची सुडी आणि भंडारा-गोंदियाकडची तणसाची रास याच जातीची. गावकरी म्हणतात, "विझली ना, जा आता." जायचं नसतं.

सी वर्ग म्हणजे सिलिंडर. द्रवरूप गॅस बाहेर पडला की साधारण अडीचशे पट फुगतो आणि हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरतो. म्हणून गळती झाली तर बटन चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. दारं उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, माणसं बाहेर.

धुराचा तास कधी चुकवू नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यातली बहुतेक भाजून नाही, धुरानं गुदमरून गेली. प्रशिक्षणात धुरानं भरलेल्या खोलीत श्वसन यंत्र पाठीवर घेऊन रांगत शोध घ्यायला लावतात. एक हात भिंतीला, दुसरा पुढं. सिलिंडरमधली हवा संपत आली की शिटी वाजते. ती वाजली की बाहेर. आत कुणी दिसत असलं तरी आधी मागच्या साथीदाराला खूण करायची, एकट्यानं थांबायचं नाही.

आणि विहीर. आपल्याकडचा हा सर्वात फसवा कॉल. मोटार काढायला एक जण उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. जुनी माणसं कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर हवा वाईट हे खरं. पण कंदील जळत राहिला म्हणजे विहीर सुरक्षित असं नाही, काही विषारी वायूंत ज्योत जळत राहते. श्वसन यंत्र आणि कमरेला दोर असल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही, मग वरून आई कितीही हंबरडा फोडू दे. हे प्रशिक्षणात एका वाक्यात सांगतात. प्रत्यक्षात लोकांना धरून ठेवावं लागतं.

गाडी कापून माणूस काढायचं कामही आता वाढलंय. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. हायड्रॉलिक कटर, स्प्रेडर ही हत्यारं शिकताना टंगळमंगळ करू नका. जंगलाची आग हे मात्र वनखात्याचं काम. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तिचा हंगाम, तेव्हा हंगामी अग्निरक्षक घेतात. जाळरेषा (आग पुढं पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायला आणि मोहफुलं वेचायला कुणी पाला पेटवू नये म्हणून सांगत फिरायला. महिन्या-दोन महिन्यांचं हे काम तयारी करणाऱ्या पोराला बरं पडतं.

पाचवी पायरी: रुग्णवाहिकेकडे वळायचं असेल तर

इथं एक गैरसमज आधी काढतो. १०८ ची सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली: २३३ प्रगत उपचाराच्या, ७०४ प्राथमिक उपचाराच्या. इतर काही राज्यांत मागे तंत्रज्ञ बसतो. आपल्याकडे डॉक्टर बसतात, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले. म्हणजे सहा महिन्यांचा 'इमर्जन्सी टेक्निशियन' कोर्स करून थेट १०८ च्या डॉक्टरच्या खुर्चीत बसता येत नाही. तसं कुणी सांगत असेल तर त्याला हे आकडे दाखवा.

मग बारावीवाल्यासाठी काय? एक, गाडी चालवणं. १०८ वर चालकाला 'पायलट' म्हणतात आणि तो नुसता चालक नसतो. स्ट्रेचर उचलणं, छाती दाबायला हात देणं, जमाव मागं सारणं हे त्यालाच करावं लागतं. दोन, जीएनएम नर्सिंग, म्हणजे आपत्कालीन कक्षात पक्की जागा. माझ्या मते गावाकडच्या मुलींसाठी हा सगळ्यांत भरवशाचा रस्ता. तीन, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन कोर्स. खासगी रुग्णालयांच्या गाड्या, कारखान्यातले दवाखाने यांना अशी माणसं लागतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात पॅरामेडिकची नोंद झाली आहे, म्हणजे या कामाला आता कायद्यात स्वतःचं नाव आहे. संस्थेत एकच प्रश्न विचारा: अपघात विभागात किती तास उभं करता? उत्तरात नुसता पुतळा आणि प्रोजेक्टर आला तर परत फिरा.

काय शिकायचं ते विदर्भाच्या हिशेबानं सांगतो. छातीचे दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, तीस दाबांमागे दोन श्वास. हे पाठ असलंच पाहिजे. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी आवळायची नाही. तो अवयव हलू न देता, माणसाला न चालवता, सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. रस्त्यातल्या मांत्रिकाच्या ओट्यावर थांबलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे. नातेवाइकांशी भांडण न करता गाडी पुढं कशी काढायची, हे कुठल्याही पुस्तकात नसतं.

फवारणीची विषबाधा तर आपल्या जिल्ह्यांची ओळखच झाली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात भिनून वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. असा रुग्ण ओळखायचा तो बारीक झालेल्या बाहुल्यांवरून, तोंडातून गळणाऱ्या लाळेवरून, घामावरून. आपल्या हातात आधी मोजे, मग त्याचे कपडे काढायचे, अंग साबणानं धुवायचं, कुशीवर ठेवायचं. ओकारी काढायला तोंडात बोट घालायचं नाही. औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यायचा. डॉक्टरला त्याचा जितका उपयोग होतो तितका रडणाऱ्या दहा नातेवाइकांचा होत नाही.

सहावी पायरी: आज, फी न भरता

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा आणि 'आपदा मित्र'ची पुढची तुकडी कधी, ते विचारा. बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं, पुरापासून प्रथमोपचारापर्यंत. नोकरी मिळत नाही, पण हे काम आपल्याला झेपतं का, ते कळतं. रक्त पाहून चक्कर येते की नाही, हे पन्नास हजार फी भरल्यावर कळण्यात काय हशील?

मोटारगाडीचा परवाना अठराव्या वर्षीच काढा. अवजड वाहनाचा परवाना विसाव्या वर्षानंतर मिळतो आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर हातात असावा लागतो. चालक-यंत्रचालकाच्या जागांना अर्ज तुलनेनं कमी येतात, कारण अवजड परवानाच नसतो पोरांकडे.

कागदांचं शेवटी. दहावीची गुणपत्रिका आणि सनद, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमी लेयर, एमएस-सीआयटी. जातवैधतेला महिने लागतात, ती अकरावी-बारावीतच टाका. नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलेली असते आणि ते कळतं फॉर्म भरायच्या आदल्या रात्री, सेतू केंद्र बंद झाल्यावर. आधार, दहावी आणि जातीच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आजच जेवणानंतर सगळे कागद खाटेवर पसरून बघून घ्या. माझ्या एका मित्राच्या वडलांच्या नावात एका कागदावर 'राव' होतं, दुसऱ्यावर नव्हतं. त्याची राजपत्रातली दुरुस्ती होऊन आली तोवर भरतीची यादी लागून गेली होती.